एकोणीस उजवे व्हॉल्व्ह

आमच्या पाणीपुरवठा विभागात साहेब धरून अकरा माणसं होती. पाण्यातलं कळणारा त्यात एकच होता, आणि त्यालाच वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं होतं.

तोमेजी इसोगाई. वय अडुसष्ट. एकोणिसाव्या वर्षी ते त्सुबाउरा बंदराच्या नगरपालिकेत चावीवाला म्हणून लागले. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, हार घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गणवेशात त्याच खुर्चीवर येऊन बसले. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत. पाठीमागे म्हातारा. त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्हींची किंमत ते सारखीच करत.

मी तिथे लागले ती साहित्यातली पदवी घेऊन. माझं काम ‘जलवार्ता’ काढणं. महिन्याला चार पानं: पहिल्यावर नगराध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर पाणी जपून वापरा, तिसऱ्यावर तेच पुन्हा, चौथ्यावर नागरिकांच्या कविता. शिवाय पाणी बंद राहणार असलं की दिलगिरीची पत्रकं. ही पत्रकं मला चांगली जमायची. पहिल्याच आठवड्यात काका एक पत्रक हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“‘तांत्रिक कारणामुळे’ म्हणजे काय गं?”

“पाइप फुटला होता ना, काका.”

“मग फुटला लिही की. कॉलेजात ‘फुटला’ शिकवत नाहीत?”

त्या इमारतीत माझं लिखाण शेवटपर्यंत वाचणारा मला भेटलेला हा पहिला माणूस. आणि शेवटचा.

दुपारचा डबा आम्ही टेकडीवरच्या टाकीपाशी खायचो. त्यांच्याकडे रोज उमे फळाचं आंबट लोणचं घातलेले भाताचे दोन गोळे. खाताना ते खालच्या गावाकडे बघत आणि शिव्या देत. शिव्या सौम्य असत, पण कुणाला वगळलेलं नसे.

“तो बघ, तोफूवाला. सकाळपासून नळ सोडून बसलाय. आणि दाब कमी आला की पहिला फोन त्याचाच.”

“काका, तुम्हाला कुणी आवडतं का हो?”

“टाकी आवडते. गप्प उभी असते.”

शहराचं सांगते. अठरा वर्षांपूर्वी डोंगरातलं कामिओ आणि खालचं त्सुबाउरा ही दोन गावं एकत्र करून हे शहर झालं. नावासाठी स्पर्धा घेतली आणि ‘मिनोरी’ हे नाव निवडलं. म्हणजे भरभराट. त्या वर्षापासून इथली माणसं दर वर्षी कमी होत आहेत. नावाच्या फलकावर अजून रोषणाई आहे.

गावं एकत्र झाली, पाइप एकमेकांना जोडले, व्हॉल्व्ह मात्र आपापल्या सवयी धरून राहिले. कामिओने पूर्वी जे व्हॉल्व्ह घेतले ते उजवीकडे फिरवले की बंद होतात. त्सुबाउराने घेतले ते डावीकडे. दोन्ही गावांना आपलंच बरोबर वाटायचं आणि शेजारच्या गावाला विचारणं दोघांनाही कमीपणाचं. त्यात एका वर्षी मोठं वादळ झालं, बंदराकडचे पाइप उखडले. तेव्हा त्सुबाउराने लाज गुंडाळून कामिओकडून एकोणीस व्हॉल्व्ह उसने आणले. म्हणजे बंदराच्या भागात सगळे डावे आणि मधे मधे एकोणीस उजवे. वरून झाकणं सारखीच.

पुढे शहराचा संगणकावरचा नकाशा झाला. तो राजधानीतल्या कुठल्याशा सल्लागारांनी केला. त्यात व्हॉल्व्हच्या दिशेसाठी रकाना एकच होता, सगळ्या शहरासाठी मिळून एक. त्यांनी तिथे ‘उजवीकडे बंद’ भरलं आणि जेवणाची वाट न बघता संध्याकाळची गाडी पकडून गेले, असं काका सांगत. खरं तर ते काही खाल्ल्याशिवाय गेले नव्हते. नगराध्यक्षांनी त्यांना खेकड्यांचं जेवण दिलं होतं.

काकांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी रंगाचा डबा घेतला. दर वसंतात ते एकेका झाकणावर रेघ मारत फिरायचे. डाव्याला तांबडी, उजव्याला पांढरी. पावसाने, गाड्यांनी रेघ पुसट झाली की पुढच्या वसंतात पुन्हा. पंधरा वर्षं. नकाशा चूक आणि रस्ता बरोबर, असं आमचं शहर चाललं होतं आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग नगराध्यक्षांना झाकणांचं वेड लागलं. देशभर लोक चित्रांची झाकणं बघायला गावोगाव हिंडतात, फोटो काढतात, त्यांची कार्डं जमवतात. आमच्याकडे समुद्र होता, खेकडा होता. कप्तानाची टोपी घातलेला खेकडा शहराचा लाडका ठरला. कानिमारू. गेल्या वर्षी बंदराच्या भागातली झाडून सगळी व्हॉल्व्हची झाकणं काढली आणि खेकड्याची बसवली. जुनी भंगारात गेली. रेघांसकट.

काका साहेबांकडे गेले. आमचे साहेब हाताझावा. मऊ आवाजाचा माणूस. नाही म्हणायचं असलं की चहा मागवतो.

“साहेब, नव्या झाकणांवर रेघा मारून घेतो. एक आठवडा द्या.”

“खेकड्यावर?”

“खेकड्याच्या टोपीवर मारतो. डोळे सोडतो.”

“काका, लोक फोटो काढतात हो. बसा, चहा घ्या. निवडणूक होऊन जाऊ दे वसंतातली, मग बघू.”

काका चहा न घेता बाहेर आले. “पाण्याच्या खात्यात,” मला म्हणाले, “टोपीला धक्का लागू नये एवढंच काम उरलंय.”

नोव्हेंबरात पोस्टाच्या चढणीखाली मोठा पाइप फुटला. सकाळचे दहा. त्या दिवशी काकांची वार्षिक तपासणी होती. दवाखान्याच्या गाडीत त्यांना खडूसारखं पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढत होते आणि त्यांचा फोन बाहेरच्या खणात वाजत होता.

जागेवर हाताझावा साहेब गेले आणि सेगावा नावाचा तरुण इंजिनिअर. मी दिलगिरीसाठी फोटो काढायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. सेगावाने पडद्यावर नकाशा काढला. व्हॉल्व्ह क्रमांक एकशे सात, उजवीकडे बंद. झाकण उघडून त्याने लांब चावी घातली आणि उजवीकडे जोर दिला. चावी हलेना. हलणारच नव्हती. तो डावा व्हॉल्व्ह होता, आणि पूर्ण उघडा. उजवीकडे त्याला जायला जागाच नव्हती.

“गंजलाय,” साहेब म्हणाले.

“काकांची वाट बघू या का, साहेब? उलटीकडे फिरवून बघू?”

“नकाशात काय आहे?”

“उजवीकडे.”

“मग? दांडा लाव.”

चावीला लोखंडी पाइप जोडून दोघांनी रेटलं. आतून कट्कन आवाज आला. मग चावी छान फिरू लागली. कितीही फिरवा. सेगावाचा चेहरा पांढरा पडला. साहेब म्हणाले, “बघ, सुटला.”

व्हॉल्व्हच्या आतला दांडा मोडला होता. शेवटी वरची मुख्य टाकीच बंद करावी लागली. निम्मं शहर दोन दिवस कोरडं. त्यानंतर कुणीतरी घाईने टाकी उघडली, पाइपांतला जुना गंज सुटला आणि चार दिवस नळाला काळ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. टँकरपुढे रांगा लागल्या. सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकिणीने फोनवर मला विचारलं, “पोरी, ह्या पाण्याने अंघोळ करायची की अंघोळीनंतर हे धुऊन काढायचं?” मी तिला दिलगिरी वाचून दाखवली.

मग वार्ताहर परिषद. नगराध्यक्ष आणि साहेब यांनी वाकून माफी मागायची होती. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात तालीम झाली. आठ सेकंद वाकायचं ठरलं होतं. घड्याळ माझ्या हातात होतं. नगराध्यक्ष दर वेळी सहाव्या सेकंदाला वर यायचे. चौथ्या खेपेला जमलं. ते इतके खूश झाले की हसतच वर आले.

पण वाकण्याने भागत नाही. कारण लागतं. नकाशा चूक म्हटलं तर सल्लागार आले, झाकणं आली, खेकडा आला, वसंतातली निवडणूक आली. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला होता.

“कायो, तुझा हात चांगला आहे. काकांच्या वतीने एक कबुलीपत्र लिही. साधं. त्यांच्या आवाजात.”

मी लिहिलं. ‘व्हॉल्व्ह क्रमांक एकशे सात उजवीकडे फिरवल्यावर बंद होतो. त्याच्या देखभालीत माझ्या हातून कसूर झाली. त्यामुळे तो जाम झाला व मोडला. जबाबदारी माझी आहे.’ चांगलं उतरलं होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं.

काकांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं. साहेब खुर्चीत, मी दाराशी.

“‘माझ्या हातून कसूर झाली.’ बरं आहे. मी असाच बोललो असतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून तांबडी पेन्सिल काढली, ‘उजवीकडे’ खोडलं, वर ‘डावीकडे’ लिहिलं.

“काका, ते राहू द्या तसंच.”

“चूक आहे.”

“नकाशात तसंच आहे.”

“नकाशा चूक आहे.”

“अहो, नकाशा शहराचा आहे.”

“व्हॉल्व्हही शहराचाच आहे. त्याला विचारा.”

साहेबांनी कप त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्ही वयाने मोठे. थोडं मन मोठं करा. कुणी तुम्हाला फासावर देत नाहीये. एक कागद फायलीत जाणार, मार्चमध्ये करार आपण पुन्हा करू.”

“दोष द्या हो, हवा तेवढा द्या. मला आता कुणी मुलगी देणार नाहीये. पण उजवीकडे लिहिलेल्या कागदावर माझं नाव नको. उद्या कुणी म्हणेल, इसोगाईने लिहून दिलंय, आणि दांडा लावून दुसरा मोडेल. त्या भागात असे दोनशे आहेत.”

“म्हणजे सही नाही?”

“डावीकडे करा, लगेच शिक्का मारतो.”

‘डावीकडे’ असलेल्या कागदाचा साहेबांना काही उपयोग नव्हता. तो कागदच सांगत होता की चावी चुकीच्या बाजूला कुणी फिरवली.

आमच्या कार्यालयात सहीऐवजी मारायचे सगळ्यांचे नावाचे शिक्के चहाच्या एका रिकाम्या डब्यात असत. हजेरीवर, रजेच्या अर्जावर कुणीही कुणाचाही मारून टाके. माणूस बाहेर कामावर असला तर कागद अडायला नको म्हणून. मीही काकांचा कितीदा मारला होता.

दोन दिवसांनी काका मीटर बघायला गेलेले असताना साहेब खोलीतून म्हणाले, “कायो, तो डबा आण जरा.”

कशाला ते मला ठाऊक होतं. मी डबा नेला. टेबलावर कबुलीपत्राची नवी प्रत होती, तांबड्या पेन्सिलीशिवाय. साहेबांनी बोटाने शिक्के चाळले, काकांचा काढला, त्यावर फुंकर मारली आणि नावापुढे दाबला.

“सरळ पडलाय का बघ गं.”

मी वाकून पाहिलं. “सरळ आहे,” म्हणाले.

चार वर्षं मी माणसाचं मन उलगडणारी पुस्तकं वाचली होती. त्या क्षणी मला सुचलं ते एवढंच. अजून मी त्यातून सावरलेले नाही. साहेबांनी डबा परत दिला, तो मी कपाटावर होता तिथे ठेवला आणि झाकण नीट लावलं.

जानेवारीत काकांना कळवलं की करार पुढे चालू राहणार नाही. कारण कबुलीपत्र. मग मी त्यांना टाकीपाशी सगळं सांगितलं. ते भाताचा गोळा खात होते.

“डबा मी नेऊन दिला, काका.”

त्यांनी चावणं थांबवलं नाही.

“शिक्का सरळ आहे असंही मीच म्हणाले.”

“दिशा?”

“काय?”

“दिशा कुठली ठेवली कागदात?”

“उजवीकडे.”

तेव्हा त्यांनी डबा बंद केला. एक गोळा तसाच राहिला होता. त्यांना तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होते. ते नुसते उठले आणि उतरणीला लागले.

पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दुपारी माझ्या टेबलाशी आले. “पेन्सिल आहे का? चल.”

त्यांनी मला बंदराच्या भागात फिरवलं. तीन दुपारी. एकेका खेकड्यापुढे थांबायचे आणि सांगायचे. “हा डावा. डावा. डावा. हा उजवा, लिही: मासळी गोदामाचा मागचा कोपरा.” कुठेही कागद बघितला नाही. झाकणावर उभं राहून फोटो काढणाऱ्या एका जोडप्याला म्हणाले, “बाजूला व्हा, तुम्ही उजव्यावर उभे आहात.” ती दोघं घाबरून दोन पावलं मागे सरली आणि डाव्यावर उभी राहिली.

शेवटी माझ्या वहीत एक नियम आणि एकोणीस ओळी झाल्या.

“हे कुणाला द्यायचं, काका?”

“ते तू बघ. खणात ठेवलंस तर खणात मरेल.”

मार्चच्या शेवटच्या दिवशी त्यांनी चहाच्या डब्यातून आपला शिक्का काढला, त्याला लागलेली शाई रुमालाने पुसली आणि शर्टाच्या खिशात घातला. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना ‘विभागाचा जिवंत ठेवा’ म्हटलं. ते भाषण मी लिहिलेलं नव्हतं. पण मीही तसंच काहीतरी लिहिलं असतं.

एप्रिलच्या ‘जलवार्ता’च्या चौथ्या पानावर कविता नव्हत्या. ‘बंदर भागातील सर्व व्हॉल्व्ह डावीकडे फिरवल्यावर बंद होतात. अपवाद पुढील एकोणीस.’ आणि खाली ओळी. मासळी गोदामाचा मागचा कोपरा. शाळेचं मागचं फाटक. इनारी देवळापुढची उतरण. मी मजकूर मंजुरीला नेला. साहेबांनी चौथं पान उलटलंसुद्धा नाही.

“कानिमारूचं चित्र आहे ना?”

“पहिल्या पानावर आहे, साहेब.”

“छान.” आणि त्यांनी शिक्का मारला. विभागाचा, चौकोनी, मोठा.

‘जलवार्ता’ घरोघर जाते ती फिरत्या पाटीला लावून. प्रत्येक गल्लीची एक पाटी असते. वाचल्याची खूण म्हणून आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. शेवटी त्या पाटीवरची यादी कार्यालयात येते, नागरिकांना सर्व माहिती दिल्याचा पुरावा म्हणून. नऊ हजार घरं शिक्का मारतात. वाचत कुणी नाही. दोन शिक्क्यांच्या मधे पान उलटलंसुद्धा जात नाही. लोक आत जाऊन शिक्का आणतात आणि चपला न काढता शेजारी देऊन येतात.

तसंच झालं. गल्ल्यांमागून गल्ल्यांच्या याद्या आल्या, चौकटी भरलेल्या. संपूर्ण शहराने डोळे मिटून मान्य केलं की आपला नकाशा खोटा आहे. फोन फक्त एक आला. कामिओच्या एका आजींचा, त्यांची चेरीच्या फुलांवरची कविता का छापली नाही म्हणून. “फुलं आता गळूनही गेली,” त्या म्हणाल्या. “आता छापून काय करता?”

मग गोदाम गल्लीची यादी आली. चौदा चौकटी, तेरा शिक्के. आठवी चौकट इसोगाई यांची. तिथे शिक्का नव्हता. तांबड्या पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

‘दोन चुका. शाळेचा मागचा डावा, पुढचा उजवा. उतरणीवरचा डावा, देवळामागचा उजवा. दुरुस्त करा. मग शिक्का.’

मी वही काढली. वहीत बरोबर होतं. उतरवून काढताना मीच दोन जागा चुकवल्या होत्या.

मेच्या अंकात कविता पुन्हा नव्हत्या. एकोणीस ओळी पुन्हा छापल्या, दोन दुरुस्त करून. वर मी ‘चुकून छापले गेले’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘मी चुकले’ केलं. साहेबांनी खेकडा आहे ना विचारलं आणि शिक्का मारला.

त्याच महिन्यात शाळेमागे पाइप गळू लागला. सेगावा एकटाच गेला. परत आल्यावर माझ्या टेबलाशी थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “चोवीस फेरे. डावीकडे. लोण्यासारखा बंद झाला.” त्याच्या गाडीत चालकाच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेला ‘जलवार्ता’चं चौथं पान चिकटवलेलं होतं. एप्रिलचं पान फाडून त्याजागी मेचं लावलेलं. नकाशात अजून उजवीकडेच आहे.

गोदाम गल्लीची मेची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. मी आठवी चौकट आधी पाहिली. इसोगाई. गोल, तांबडा.

थोडा तिरका पडला होता.